आमच्या ह्यांची कोरी पानं

औषधाच्या खोक्यात बारीक अक्षरांची एक घडी असते ना, जी आपण न वाचता फेकून देतो, ती छापण्याआधी आमच्या ह्यांच्या नजरेखालून जाते. गोळी किती घ्यायची, कुणी घ्यायची नाही, सगळं. छापखान्यातून हे निवृत्त झाले, पण छापखान्याने ह्यांना सोडलं नाही. पानं आता घरी येतात. कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये उघडायची, वाचायची आणि मंजूर करायची. ह्यांच्या हातून आजवर चूक सुटलेली नाही. हे मी बायको म्हणून सांगत नाही. बायको म्हणून सांगायचं तर ह्यांना कपाटातला स्वतःचा रुमाल सापडत नाही.

तर एके दिवशी पानं दिसेनाशी झाली. "कोरं येतंय," हे म्हणाले. "नुसतं पांढरं."

आमचे चिरंजीव लगेच सरसावले. कॉम्प्युटर बंद केला, चालू केला, पुन्हा बंद केला. "डबडं झालंय हे बाबा, नवीन घेऊ." कुठल्याही दुखण्यावर त्याच्याकडे हा एकच इलाज. तेवढ्यात छापखान्याच्या व्यवस्थापक बाईंचा फोन आला. "काका, कामं अडकलीत हो. उद्यापर्यंत नाही जमलं तर पानं दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागतील. कायमचीच."

फोन ठेवला तेव्हा ह्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. काम गेलं तर हा माणूस करणार काय? माझ्या स्वयंपाकात नाक खुपसणार, दुसरं काय! थट्टा जाऊ दे, मी उठून देवापुढे दिवा लावला.

संध्याकाळी सूनबाई कामावरून आली. ती दिवसभर फोनवर लोकांचे अडलेले कॉम्प्युटर सोडवते. पण चिरंजीवांना बायकोला विचारायला कमीपणा वाटला असणार. तिचं नि माझंही फार गुळपीठ नव्हतं म्हणा. गेल्या वर्षी तिने लांबसडक केस मानेपर्यंत कापले, तेव्हा मी आठवडाभर तोंड फुगवून बसले होते. हे मात्र पेपरमधून मान वर करून लगेच म्हणाले होते, "शोभतंय की तिला!" मी मनात म्हटलं, सुनेचा भारीच पुळका.

ती शेजारी खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही चालवा. मी फक्त बघते."

माऊसला हातसुद्धा लावला नाही हो! आधी दुसरी कुठली तरी साइट उघडायला लावली. ती दिसली. मग तेच पान स्वतःच्या फोनवर उघडलं. तिथे स्वच्छ. "पान चांगलं आहे, इंटरनेट चांगलं आहे. दुखणं ह्या ब्राउझरमध्येच आहे." ब्राउझरमधला जुना साठा पुसायला सांगितला. फरक नाही. मग ब्राउझरला चिकटवलेली फुकटची अवजारं निघाली, जाहिराती अडवणारं, हवामान सांगणारं, काय नि काय. एक बंद करायचं, पान बघायचं. दुसरं बंद करायचं, पुन्हा बघायचं.

"सगळी एकदम बंद कर ना!" चिरंजीव करवादले.

"मग नेमकं कशाने अडलं होतं, ते कळणार कसं?"

ना आवाज चढला, ना कपाळावर आठी. मी असते तर एव्हाना कीबोर्ड आपटला असता. त्या क्षणी मला ती मनापासून आवडली, उगाच कशाला लपवू?

शेवटी तिचं बोट पडद्याच्या कोपऱ्यात थांबलं. तिथे इवलासा आकडा होता, पाचशे टक्के. पान इतकं मोठं केलेलं होतं की पडद्यावर फक्त वरच्या कोपऱ्यातला समास मावत होता. पांढराशुभ्र. तिने ह्यांना वजाचं चिन्ह दाबायला लावलं आणि अक्षरंच अक्षरं आली.

"हात्तिच्या! एवढंच?" चिरंजीवांनी टाळी वाजवली. मीही म्हटलं, सुटलो बाई एकदाचे.

"आलं, आलं. छान," हे म्हणाले. सूनबाई पडद्याकडे नव्हे, ह्यांच्याकडे बघत होती. ह्यांचा हात हळूच पुन्हा अधिकच्या चिन्हाकडे गेला.

"अरे, जरा दूध घेऊन ये ना," ती नवऱ्याला म्हणाली. दूध घरात होतं. मी तसं म्हणणारच होते, पण तिने माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसले. तो गेल्यावर तिने विचारलं, "बाबा, पान मोठं तुम्हीच करत होतात?"

ह्यांनी माऊसवरचा हात काढून घेतला.

"आधी थोडं मोठं केलं की अक्षर लागायचं. मग आणखी करावं लागायचं. शेवटी पांढरंच उरलं, आणि मला तेच बरं वाटलं. दिसत नाही म्हणायला कारण मिळालं." मग मान ताठ करून म्हणाले, "डोळे मिटून मंजूर म्हणता आलं असतं. नाही म्हटलं. कुणाच्या तरी पोटात जायचं असतं ते औषध."

"आणि मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"तू आरडाओरडा केला असतास."

"मी कधी आरडाओरडा करते?" मी ओरडले.

सूनबाईने छापखान्यातल्या बाईंना फोन लावून ह्यांच्या हातात दिला. "तुम्हीच सांगा." "बाई, पानं येत होती. मलाच दिसत नाहीयेत. पण उद्याची पानं देतो. जुन्या पद्धतीने."

जुनी पद्धत म्हणजे एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने ऐकायचं. वाचायला मला बसवलं. "जेवणानंतर एक गोळी पूर्णविराम," असं सगळं. अर्धी चिठ्ठी झाली आणि डोळे मिटून बसलेले हे एकदम म्हणाले, "थांब. वर म्हणालीस, लहान मुलांना देऊ नये. आता त्यांना अर्धी गोळी?"

मी वरची ओळ पुन्हा बघितली. खरंच की! माझ्या तोंडून गेलं होतं आणि मला पत्ताही नव्हता. आयुष्यभर ह्या माणसाला रुमालावरून बोलले, पण तेव्हा पाया पडावंसं वाटलं.

पानं ह्यांच्याकडेच राहिली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला, दोन्हीकडे, चांगलाच पिकलेला. सूनबाईने रजा काढून आधी एक, मग दुसरा डोळा करून आणला.

पहिल्या डोळ्याची पट्टी निघाली तेव्हा ती समोर थेंबांची बाटली घेऊन उभी होती. ह्यांनी तिच्याकडे बघितलं. बघतच राहिले.

"अगं," हे म्हणाले, "केस केवढे कापलेस!"

मी भिंतीकडे तोंड करून डोळ्यांना पदर लावला. माझ्यामागे हे सावकाश, नीट बघून सांगत होते, "शोभतंय हं तुला. खरंच शोभतंय."