बंदच करा

सासऱ्यांची उमेदीची वर्षं जहाजावरच्या नोकरीत गेली, आणि तिथून येताना त्यांनी एक पत्त्यांचा खेळ आणला होता, सात पानांचा पोकर. रविवारी दुपारची जेवणं उरकली की ते टेबल पुसून घेत आणि घरच्यांना बसवत. पैशांना सक्त मनाई. धाकटी मेहुणी शिवणकाम करायची, पैशांऐवजी तिच्या डब्यातली बटणं डावावर लावायची. त्या रविवारी त्यांनी जावयालाही ओढलं.

जावई दातांच्या कवळ्या बनवायचा. दिवसभर गाठ प्लास्टरच्या साच्यांशी, त्यात मूळचाच घुमा. सासऱ्यांनी त्याला खेळ समजावला. प्रत्येकाने एक बटण मध्ये टाकायचं. मग प्रत्येकाला दोन झाकलेली पानं आणि एक उघडं. ज्याचं उघडं पान सगळ्यांत लहान, त्याने बोली सुरू करायची. बाकीच्यांनी राहायचं, वाढवायचं किंवा पानं टाकून द्यायची. उरलेली चार पानं मागाहून येतात.

"पण जावईबापू, खरा खेळ या तिसऱ्या पानालाच," सासरे म्हणाले. "इथे जो उगाच बसला, तो शेवटपर्यंत फरफटला. आणि पानांइतकंच माणसांकडे बघायचं."

जावयाला निम्मंच कळलं. पुन्हा विचारायची लाज वाटली, म्हणून तो पानं उचलायचा, बघायचा आणि टाकून द्यायचा. असे कितीतरी डाव गेले. मेहुणी थोरल्या भावाला म्हणाली, भावोजी पक्के आहेत, हातात काही असल्याशिवाय बसायचे नाहीत. बायकोनेही मान डोलावली. जावई मनात म्हणाला, पक्का कसला, मला तर जोडी मोठी की रंग मोठा हेच आठवत नाहीये.

मग एका डावात त्याच्यासमोर राजा उघडा पडला. मेहुणीची दुर्री होती, तिने एक बटण सरकवलं. मेहुण्यानेही एक टाकलं. जावयाचा इथे घोटाळा झाला. मोठ्या पानवाल्याने वाढवायलाच हवं असा त्याचा समज झाला आणि त्याने मूठभर बटणं पुढे ढकलली. खाली चौका आणि नव्वा, म्हणजे काहीच नाही. पण एकामागून एक सगळ्यांनी पानं टाकली. मेहुण्याने तर दश्श्यांची जोडी टाकली आणि वर म्हणाला, भावोजींकडे राजांची जोडी असणारच. जावई पानं उलटी करायला गेला, तर सासऱ्यांनी हात धरला. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणाले.

पुढच्याच डावात त्याला तीन सत्त्या आल्या, दोन खाली, एक वर. एवढं मात्र त्याला कळत होतं की ही पानं भारी आहेत. त्याने पुन्हा मूठभर बटणं ढकलली. पुन्हा सगळ्यांनी टाकून दिलं. खोट्याला जेवढं मिळालं तेवढंच खऱ्याला. जावई त्या बटणांकडे बघत बसला. मग आपल्या हातात काय आहे याने फरक तरी काय पडतो, हे त्याला उमगेना.

चहा आला तेव्हा मेहुणा मोकळेपणाने बोलू लागला. पूर्वी त्याचा फोटो स्टुडिओ होता. आता तो लोकांना गाडी शिकवायचा.

"भावोजी उगाच तोंड उघडत नाहीत," तो म्हणाला. "याच खोलीत मी विचारलं होतं, स्टुडिओचं काय करू? सगळे काहीबाही बोलत होते. तुम्ही तेवढं म्हणालात, बंदच करा, उगाच त्रास. दुसऱ्याच दिवशी मी पाटी उतरवली."

जावयाने कप खाली ठेवला. त्या दिवशी त्याची मान धरली होती, खिडकीतून गार वारा येत होता. मेहुणा काय विचारत होता ते त्याने ऐकलंही नव्हतं. गप्प राहावं असं त्याला वाटलं, पण गप्प राहूनच तर हे सगळं झालं होतं.

"मी खिडकीबद्दल बोललो होतो," तो म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघू लागले. मग मेहुणा पोट धरून हसला.

"बाबा, बघा, भावोजींनाही आता थापा जमायला लागल्या. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही."

सासऱ्यांनी कौतुकाने त्याच्या पाठीवर थाप मारली. जावयाने पुन्हा सांगितलं, वाऱ्याचं सांगितलं, मानेचं सांगितलं. तो जितका तपशील देई तितके ते जास्त हसत. शेवटी त्याने मेहुण्याला विचारलं, स्टुडिओ गेल्याचं वाईट वाटतं का? मेहुणा म्हणाला, सुटलो. पण हे त्याने चहात बघत म्हटलं, आणि ते खरं की खोटं, जावयाला ओळखता येईना.

नवरा-बायको घरी चालत निघाली. कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान मागे पडल्यावर तिने विचारलं, "खरंच खिडकी?"

"हो."

"मग खिडकी लावली कुणी?"

तो थांबला. त्याने आठवून पाहिलं. वारा आठवत होता, दुखणारी मान आठवत होती. खिडकी कुणी लावल्याचं मात्र काही केल्या आठवेना.

"माहीत नाही," तो म्हणाला.

बायकोने मान डोलावली. खूप विचारांती दिलेलं उत्तर ऐकल्यावर डोलावतात, तशी.