लव्हिनाची कबर

आपण मेलो आहोत हे लव्हिना पर्डीला कळलं ते कपडे वाळत घालताना. शेजारच्या मिसेस टटलने कुंपणावरून एक पुस्तक पुढे केलं आणि म्हणाली, "वाच बाई. तुला देवाघरी पाठवलंय."

पुस्तक म्हणजे जोरम पर्डीचं चरित्र. जोरम हा लव्हिनाचा धाकटा भाऊ, ओहायोचा गव्हर्नर, आणि त्या उन्हाळ्यात राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिलेला उमेदवार. उमेदवारी मिळाली की महिन्याभरात माणसाचं चरित्र छापून आलंच पाहिजे, असा तेव्हाचा रिवाज. त्यात ओंडक्यांचं खोपटं लागतं, अनवाणी पोरगं लागतं आणि राबणारी विधवा आई लागते. न्यूयॉर्कच्या कुणा लेखकाने हे सगळं आठवड्याभरात उरकलं होतं, आमच्या कोबर्न गावात पाऊलही न टाकता. बहीण होती एवढं त्याला कुठूनतरी कळलं, एक बहीण लहानपणी गेली हेही कळलं, आणि गड्याने दोघींची एक करून टाकली. सात वर्षांची लव्हिना तापाने फणफणली आहे, छोट्या जोरमचा हात धरून "तू मोठा हो" म्हणते आहे आणि डोळे मिटते आहे, अशी दोन अख्खी पानं होती.

खरं काय होतं ते कोबर्नमध्ये कुणालाही विचारा. तान्हेपणी गेली ती मर्सी, आठ महिन्यांची, जोरमच्या जन्माआधीच. लव्हिना जोरमहून बारा वर्षांनी मोठी. बाप गेला, आईने अंथरूण धरलं, आणि चौदाव्या वर्षी ही पोर लोकरीच्या गिरणीत मागावर उभी राहिली. पुढे मुलींना घेणाऱ्या कॉलेजात तिला जागा मिळाली होती. ती गेली नाही, कारण तिच्या पगारावर जोरमची शाळा चालली होती. मागांच्या खडखडाटाने तिचा डावा कान कामातून गेला. जोरम लहानपणापासून तिच्या उजव्या बाजूने चालायचा, ती सवय त्याला गव्हर्नर झाल्यावरही राहिली. लग्नाचं म्हणाल तर विचारलं होतं एकाने, पण पोराची फी भरायची होती आणि तो थांबायला तयार नव्हता. या सगळ्याचं तिला काही वाटत नसे. एकच वाटायचं, की कधीतरी चारचौघांत उभं राहून जोरमने म्हणावं, मला हिने वाढवलं. बस.

ती ओल्या हातांनीच पुस्तक घेऊन घरात गेली. स्वयंपाकघरात जोरम आणि त्याच्या प्रचाराचा सूत्रधार, थॅडियस क्रेन, कॉफी पीत बसले होते.

"मी कधी गेले म्हणे?" तिने पुस्तक टेबलावर आपटलं.

जोरमने कपात पाहिलं. क्रेन मात्र गडबडला नाही. "लव्हिनाबाई, चूक झाली खरी. पण दोन लाख प्रती खपल्या आहेत. बायका ढसाढसा रडतात आणि नवऱ्यांना सांगतात, याच माणसाला मत द्या. आता काय सांगू त्यांना? की ती उठून बसली?"

"जिवंत माणूस आहे मी, क्रेन. माझं घर आहे हे. तुझी कॉफीसुद्धा मीच केली आहे."

"कॉफी फक्कड झाली आहे," क्रेन म्हणाला.

जोरम उठून तिच्या उजव्या बाजूला आला. "विनी, निवडणूक होऊ दे. मग मी स्वतः सांगतो. सगळ्यांसमोर, याच व्हरांड्यातून. शब्द देतो."

"आणि तोवर मी कोण?"

"तोवर..." जोरमने क्रेनकडे पाहिलं.

"घर सांभाळणाऱ्या बाई," क्रेनने वाक्य पुरं केलं.

लव्हिनाने ऐकून घेतलं. इतकी वर्षं ज्याच्यापायी घातली, त्याची नाव काठाला लागताना आपणच भोक कसं पाडायचं, असं तिला वाटलं. तिथेच ती चुकली, असं मिसेस टटल अजून म्हणते.

त्या काळी भारदस्त उमेदवार गावोगाव मतं मागत फिरत नसे. तो आपल्या घराच्या व्हरांड्यात बसे आणि लोक आगगाड्या भरभरून त्याच्याकडे येत. स्टेशनावरून बँड वाजवत मिरवणूक यायची. आलेल्यांच्या पुढाऱ्याने करायचं भाषण आधीच क्रेनकडे तपासायला आलेलं असायचं, म्हणजे भलतंसलतं कुणी बोलायला नको. मग जोरम खांबाला हात लावून उत्तर द्यायचा, हस्तांदोलनं व्हायची आणि लव्हिना सरबताचे जग घेऊन फिरायची. जाताना प्रत्येकाला आठवण म्हणून काहीतरी हवं असायचं. जुलै संपेपर्यंत कुंपणाच्या फळ्या गेल्या, ऑगस्टमध्ये अंगणातलं गवत गेलं, आणि एका पाद्र्याने तिच्या कोंबड्यांच्या खुराड्याची कडी पळवली.

गावाला सगळं ठाऊक होतं, पण गाव बोललं नाही. हॉटेलं भरली होती, खानावळी भरल्या होत्या. फक्त आपापसात तिची थट्टा चालायची. वाणसामानाच्या दुकानात शिरली की दुकानदार म्हणायचा, "या, स्वर्गवासी! आज काय देऊ?"

"दोन शेर पीठ दे," ती म्हणायची. "आणि वजनात मारू नकोस. वर तुझ्याबद्दल सांगेन."

सप्टेंबरात लोक फुलं आणायला लागले. लव्हिनाची कबर कुठे आहे, विचारायला लागले. क्रेनने लगेच चर्चच्या दफनभूमीत, मर्सीला पुरलं होतं त्याच जागेवर दगड बसवायचं ठरवलं. मर्सीच्या डोक्याशी आजवर साधी फळीही नव्हती. पाथरवट ऑरिन बील टोपी हातात घेऊन मागच्या दाराशी आला.

"लव्हिनाबाई, कसं विचारू कळत नाही. तुमच्या दगडाचं काम आलंय माझ्याकडे."

"मग कर की."

"संगमरवर सांगितलाय."

"संगमरवर नको. पाच वर्षांत काळा पडतो. ग्रॅनाइट घे, पैसे पक्षाचेच आहेत."

ऑरिनने ग्रॅनाइट घेतला. ती एकदा जाऊन बघून आली. स्वतःचं नाव, खाली वय वर्षं सात, आणि त्याखाली 'तू मोठा हो'. काम चांगलं होतं, बापाच्या दगडापेक्षा किती तरी चांगलं.

पण तिचा जीव खरा तुटला तो इंडियानाच्या बायकांची गाडी आली त्या दिवशी. त्यांच्या म्होरकीने लव्हिनाच्या शेवटच्या शब्दांवर भाषण केलं. लव्हिना सरबताचा जग घेऊन पायरीपाशीच उभी होती. जोरम उत्तराला उठला, त्याची नजर तिच्यावर गेली, आणि जराही न अडखळता तो म्हणाला, "आजही संकटात मला वाटतं, ते मिटलेले डोळे वरून माझ्याकडे पाहताहेत." बायकांनी रुमाल काढले. लव्हिनाने समोरच्या बाईचा पेला भरला. तो भरून सांडायला लागला तरी तिचं लक्ष नव्हतं. पोटच्या पोरासारखा वाढवलेला माणूस तोंडावर आपल्याला मेलेली म्हणतो, आणि त्याचा आवाज छान लागतो, हे तिला सहन झालं नाही. त्या रात्री ती जेवली नाही.

जोरम निवडून आला. तो विधुर होता, त्यामुळे व्हाइट हाउसमध्ये पाहुण्यांचं करायला घरची बाई हवी होती. अशा वेळी बहीण जाते, ही रीतच आहे. क्रेन पुन्हा आला.

"तुम्हीच चला. फक्त चुलतबहीण म्हणून."

"मेले ते बरं आहे," लव्हिना म्हणाली. "मेले तर मेले, पण सख्ख्या भावाची चुलतबहीण होऊन जाणार नाही."

शेवटी जोरमच्या दिवंगत बायकोची कुणी भाची व्हाइट हाउसला राहायला गेली. शपथविधी झाल्यावर सांगतो, असं जोरम म्हणाला होता. मग संसदेच्या निवडणुका होऊ देत म्हणाला. मग पुन्हा उमेदवारी मिळू दे म्हणाला. दर नाताळला तो टर्की पाठवायचा. लव्हिना ती मिसेस टटलकडे द्यायची.

राष्ट्राध्यक्ष म्हणून तो वाईट नव्हता. नोकऱ्या वशिल्याने वाटणं त्याने कमी केलं, म्हणून पक्षवाले बिथरले. परदेशी लोकरीवरची जकात उतरवली, म्हणून मेंढपाळ बिथरले, आणि ओहायोत मेंढ्या बक्कळ. दुसऱ्या खेपेला तो पडला, आणि स्वतःचं राज्यही त्याने गमावलं, कोबर्नसकट.

मार्चच्या चिखलात तो एकटाच परत आला. स्टेशनावर बँड नव्हता. क्रेन तर आधीच दुसऱ्या कुणाच्या व्हरांड्यात जाऊन बसला होता. जोरमने मागचं दार वाजवलं.

"कोण हवंय?" लव्हिनाने आतूनच विचारलं.

"विनी, मी आहे."

"विनी इथे राहत नाही. चर्चमागे चौकशी करा."

हातातली भांडी विसळून झाल्यावर तिने दार उघडलं, तेव्हा हा साठीचा माणूस पायरीवर बसून बूट काढत होता. घरात चिखल न्यायचा नाही, हे तिचंच वळण. तिला राग यायचा तेवढा आलाच, पण तिने ताट वाढलं. त्याला माडीवरची जुनी खोली दिली. पुढे दोन महिने ती त्याच्याशी कामापुरतं बोलली: लाकडं फोड, दिवा मालव, मीठ दे. शब्दाची आठवण तिने करून दिली नाही. आता सांगायचं तरी कोणाला? अंगणात गवत परत उगवलं होतं आणि त्याच्यावर उभं राहायला कोणी येत नव्हतं.

मेच्या अखेरीस कबरींवर फुलं वाहायचा दिवस आला. सकाळी एक मध्यमवयीन जोडपं दाराशी घोडागाडीतून उतरलं, इंडियानाचे शेतकरी, स्ट्राउड नावाचे. बाईच्या हातात ओल्या कापडात गुंडाळलेली पिओनीची फुलं होती. जोरम व्हरांड्यात बसला होता. लव्हिना जाळीच्या दाराआड मटार सोलत होती. चांगला कान तिने दाराकडे केला.

"साहेब, तुमच्या पहिल्या निवडणुकीच्या वर्षी यायचं होतं," मिसेस स्ट्राउड म्हणाल्या. "पण आमची एडना त्याच साली गेली. सात वर्षांची होती. मग तुमचं पुस्तक हाती आलं. मी ते इतक्यांदा वाचलंय की पानं सुटलीत. तुमच्या बहिणीची कबर बघायची होती. फुलं आणलीत."

लव्हिनाच्या हातातली शेंग तशीच राहिली. सांग तिला चर्चमागे आहे म्हणून, असं तिचं तिलाच वाटलं. एवढी वर्षं खोटं चाललं, आज या बाईपुरतं अजून चालू दे. ती उठायलाही लागली.

"बाई," जोरम म्हणाला, "माझी बहीण गेलेली नाही. ती आत मटार सोलते आहे."

मिसेस स्ट्राउड हसल्या, काही कळलं नाही तेव्हा माणूस हसतो तशा. मग त्यांचं हसू मावळलं.

"मग ते शब्द? 'तू मोठा हो'?"

"तसं कुणीच म्हणालं नाही. ती रोज सकाळी म्हणायची, बूट घाल, शाळेला उशीर होतोय. ते बूटही तिनेच मागावर उभं राहून घेतलेले. मला तिने वाढवलं, शिकवलं. ती मेली असं लोक म्हणत होते आणि मी म्हणू दिलं. मीही म्हटलं. ती इथेच सरबताचा जग घेऊन उभी होती आणि मी म्हटलं."

मिस्टर स्ट्राउडनी हॅट डोक्यावर चढवली. "मी दोन्ही वेळा तुम्हाला मत दिलं," ते म्हणाले, आणि गाडीकडे चालू लागले.

लव्हिना दार उघडून बाहेर आली. दहा हजार लोकांपुढे व्हायचं ते दोघांपुढे झालं होतं, आणि त्यातला एक निघूनही चालला होता. तरी झालं होतं. तिने खांब धरला, जोरम धरायचा तोच.

मिसेस स्ट्राउड तिच्याकडे बघत राहिल्या. "तुम्ही जिवंत आहात याचा मला आनंद व्हायला हवा," त्या म्हणाल्या. "होत नाही."

"कळतं मला," लव्हिना म्हणाली. "मर्सी नावाची माझी बहीण आहे तिथे. आठ महिन्यांची होती. खरीखुरी. तिच्या नावाने आजवर कुणी फूल वाहिलेलं नाही, कारण तिच्यावर माझं नाव आहे. चला, मी दाखवते."

बाईंनी गाडीकडे, नवऱ्याकडे एकदा पाहिलं. मग फुलं तिच्याकडे न देता स्वतःच्याच हातात घट्ट धरून निघाल्या. जोरम काही अंतर ठेवून मागून आला.

मिसेस स्ट्राउडनी फुलं वाहिली, मर्सीचं नाव एकदा मोठ्याने उच्चारलं आणि नवऱ्याकडे परत गेल्या. निरोप काही घेतला नाही. दोघं भावंडं दगडापाशी उरली.

"ऑरिनला सांगून तुझं नाव घासून टाकतो," जोरम म्हणाला. "मर्सीचं कोरायला सांगतो."

"मर्सीचं वरच्या बाजूला कोरू दे, जागा आहे," लव्हिना म्हणाली. "माझं राहू दे. ग्रॅनाइट आहे, उगाच खर्च कशाला? आज ना उद्या लागणारच आहे. वय तेवढं घासून टाक. आणि ते खालचं वाक्य काढ."

"त्या जागी काय लिहू?"

"आत्ता स्ट्राउडबाईंना सांगितलंस तेच. मला हिने वाढवलं."

जोरमने मान हलवली. डोळे पुसायला त्याच्याकडे रुमाल नव्हता. तिने ॲप्रनचं टोक पुढे केलं.

"चल," ती म्हणाली, "मटार तसेच पडलेत."

तो वळसा घालून तिच्या उजव्या बाजूला आला आणि दोघं घराकडे निघाली.