घारीची शिडी

सगळी साइट तिला घार म्हणायची, आणि ते नाव तिने कमावलेलं होतं. टॉवर क्रेनच्या टोकाशी, चहूबाजूंनी काच असलेल्या एवढ्याशा केबिनमध्ये बसून तिला खालचं सगळं दिसायचं. कोण काम सोडून गप्पा ठोकतोय, कुणाचं हेल्मेट डोक्याऐवजी काखेत आहे, कोण सिमेंटच्या गोण्यांमागे आडवा झालाय. मग वॉकीटॉकीवर तिचा आवाज यायचा, "गोण्यांमागच्या पाहुण्यांना उठवा, त्यांच्या डोक्यावरून माल जायचाय." खाली खसखस पिकायची आणि पाहुणे डोळे चोळत बाहेर यायचे. तिच्या हाताला तोड नव्हती. काचेच्या तावदानांचा अख्खा गठ्ठा ती इतका अलगद टेकवायची की खालच्या माणसाला तो टेकल्याचं हात लावून बघितल्यावर कळायचं.

अशी ही घार वार्षिक चाचणीच्या दिवशी शिडीच्या मध्यावर अडकली.

क्रेन चालवणाऱ्यांना त्या साइटवर वर्षातून एकदा ही चाचणी द्यावी लागे. अंगाला पट्टा बांधायचा आणि शिडीने केबिनपर्यंत चढायचं. मधल्या टप्प्यांवर उभ्याने दम घेतला तर चालतं, पण बसायचं नाही. मागून सेफ्टीसाहेब चढतात. आजवर घारीला हा पोरखेळ वाटायचा. अलीकडे रोजच्या चढाईत ती टप्प्यांवर बसून दम घ्यायची, पण पहाटे ते बघायला कुणी नसायचं. त्या दिवशी मात्र दुसऱ्याच टप्प्यावर तिच्या मांड्यांत गोळे आले, श्वास काही केल्या पुरेना, आणि चौथ्या टप्प्याच्या लोखंडी जाळीवर तिने बसकण मारली. खाली सगळी साइट माना वर करून बघत होती.

"बाई, उतरूया," साहेब मागून म्हणाले. माणूस वाईट नव्हता, पण नियम म्हणजे नियम.

खाली आल्यावर त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. "तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी. तोवर तुम्ही जमिनीवर, इशारे द्यायला. पुन्हा बसलात, तर केबिन कायमची चष्मेवाल्याची." चष्मेवाला म्हणजे नवा ऑपरेटर. माल असा आदळायचा की धुरळा खाली बसायला वेळ लागे.

खरं तर वर्षभरापासून शरीराने तिच्याशी असहकार पुकारला होता. सकाळी चेहरा सुजलेला, भर उन्हात अंगावर स्वेटर, कंगव्यात केसांचा पुंजका. आणि वजन. खाणं तेच, काम तेच, तरी पट्टा एकेक भोक सरकत शेवटच्या भोकाला येऊन टेकला. वजन वाढलेल्या बाईला सल्ला द्यायला कुठला परवाना लागत नाही, त्यामुळे सगळ्यांनीच दिला. कमी खा म्हणणारे वेगळे आणि सकाळी कोमट पाणी पी म्हणणारे वेगळे. शेवटी रक्त तपासलं, तेव्हा थायरॉईड मंद निघाला. रोज एक इवलीशी गोळी सुरू झाली. घारीला वाटलं, चला, सुटले. पण आठ महिने झाले, गोळीची ताकद दोनदा वाढवली, तरी रक्तातला टीएसएचचा वाढलेला आकडा काही खाली यायचं नाव घेईना.

आता ती खाली उभी राहून हात हलवू लागली. डावीकडे, उजवीकडे, सावकाश, थांब. मान दुखायची ती वेगळीच. मुकादमाला तिची थट्टा केल्याशिवाय दिवस भाकड गेल्यासारखा वाटे. तो म्हणाला, "काय घार, पंख वाळत घातलेत का?" एरवी तिने त्याला जागच्या जागी गार केलं असतं. त्या दिवशी ती नुसती हसली, आणि मुकादमानेच घाईघाईने विषय बदलला.

घरी येऊन ती ओट्याशी उभी राहून रडली. बारीक व्हावं, चारचौघींत उठून दिसावं, असलं काही तिच्या मनात कधीच नव्हतं. लग्नाच्या भानगडीतही ती पडली नव्हती. जगात एकच जागा तिची होती, आणि तिथे जायला फक्त शिडी होती.

घरात दोघंच, ती आणि बाबा. बाबांनी आयुष्यभर लोकांच्या भिंती रंगवल्या होत्या. आता हात थरथरायचे, पण शिस्त गेली नव्हती. लेकीच्या आधी उठायचे, कॉफी करायचे आणि बशीत तिची गोळी काढून ठेवायचे. ती रडताना दिसली तसे ते चपला घालून दारात उभे राहिले. "चल, डॉक्टरीणबाईंकडे. आज मी येतो. मला विचारू दे हे काय चाललंय."

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट उलटसुलट करून बघितला. "गोळी रोज घेता ना? खरं सांगा, मी रागावणार नाही."

"एक दिवस चुकला नाही," उत्तर बाबांनीच दिलं. "मी स्वतः देतो. पहाटे, रिकाम्या पोटी, तुम्ही सांगितलं तस्सं."

"कशाबरोबर?"

"कॉफीबरोबर. चांगली दुधाळ करतो. आणि सोबत माझ्यातली एक कॅल्शियमची गोळी. हिची हाडंही आता चाळिशीची झाली."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "आणि पाणी?"

बाबांनी लेकीकडे बघितलं. घारीला जरा संकोच वाटला, पण ती बोलली. "पाणी मी सकाळी पीत नाही. वर संडास नाही. एकदा चढलं की दुपारीच उतरायचं. कपभर कॉफी अंगात जिरते, त्यावर निभावतं. आम्ही क्रेनवाले सगळे असंच करतो."

"गोळी पाण्याबरोबर घ्या, असं मी सांगितलं होतं."

"हो. मला वाटलं, गिळायला काहीतरी हवं म्हणून सांगताय."

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली. "ही गोळी मोठी नखरेल आहे. दूध, कॉफी, कॅल्शियम, यातलं काहीही तिच्यासोबत पोटात गेलं की ती अंगाला नीट लागत नाही. आणि तुम्ही तर तिन्ही एकदम देताय. आठ महिने गोळी पोटात जातेय, पण बरीचशी वाया जातेय."

बाबांचा चेहरा उतरला. "म्हणजे ओल्या प्रायमरवर रंग मारत होतो मी," ते हळूच म्हणाले. "पहिला हात वाळल्याशिवाय दुसरा मारायचा नाही, हे हाताखालच्या माणसांना ओरडून ओरडून शिकवलं. आणि घरात..."

"अगदी तसंच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण भिंत शाबूत आहे. आता असं करू. पाण्याची पंचाईत आहे ना, मग गोळी रात्री झोपताना घ्या. जेवण संध्याकाळी लवकर, त्यानंतर तीनेक तास तोंडात काही नाही, मग गोळी आणि साधं पाणी. कॅल्शियम बंद, गरज आहे का ते मी आधी तपासते. आणि आता गोळी लागायला लागेल म्हणून तिची ताकद मी कमी करतेय, नाहीतर छाती धडधडेल. सहा आठवड्यांनी रक्त."

"मग वजन उतरेल?"

"थोडं. अंगावरची सूज जाईल. बाकीचं थायरॉईडच्या माथी मारू नका, ते खाण्याने आणि हालचालीने उतरेल, तेही सावकाश. मला एक सांगा, तुम्हाला बारीक व्हायचंय की वर चढायचंय?"

"वर चढायचंय," घार क्षणाचाही विचार न करता म्हणाली.

"मग पायांत ताकद आणा. वजनाच्या काट्याकडे महिन्यातून एकदा बघितलं तरी पुरे."

घरी पोचल्यावर कुलूप काढताना बाबा म्हणाले, "माझ्यामुळे तुझी केबिन गेली."

"बाबा, तुमच्यामुळे मी आजवर एकदा उशिरा चढले नाही. आता जेवण लवकर लावत जा, आणि तोंड पाडून बसू नका. मला ते बघवत नाही."

त्या दिवसापासून बाबांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. संध्याकाळचं ताट उजेड असतानाच समोर यायचं. अंडी किंवा उकडलेली कडधान्यं, भाजीचा डोंगर आणि पावाचा एकच तुकडा. त्यानंतर घारीचा हात बिस्किटांच्या डब्याकडे गेला, की आतल्या खोलीतून खाकरल्याचा आवाज येई. झोपताना मात्र ते स्वतः पाण्याचा पेला आणून उभे राहत आणि ती शेवटचा घोट घेईपर्यंत हलत नसत. रंगाच्या जुन्या बादल्यांत त्यांनी वाळू भरून दिली. त्या दोन्ही हातांत धरून घार रोज जेवणाच्या सुट्टीत अर्धवट बांधलेल्या इमारतीचे जिने चढू लागली. पहिल्या दिवशी दोन मजल्यांत तिची जीभ बाहेर आली. मुकादम बघत होता. दुसऱ्या दिवशी त्या जिन्यावरचा राडारोडा कुणीतरी झाडून ठेवलेला होता.

सुरुवातीला काहीच घडलं नाही. एकदा तर ती इतकी वैतागली की बाबांच्या देखत बिस्किटांचा पुडा फोडून बसली. बाबा शेजारी येऊन बसले आणि त्यातली निम्मी स्वतः खाल्ली. "आता तुझं पाप निम्मंच," ते म्हणाले. दोघं हसत सुटली.

मग एका सकाळी गजर व्हायच्या आधीच तिला जाग आली. आणखी काही दिवसांनी तिने स्वेटर काढून खुंटीला टांगला आणि तो तिथेच राहिला. आरशात गालांची हाडं पुन्हा दिसायला लागली. रक्तातला आकडा एकदाचा खाली आला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टच्या कागदाने बाबांना वारा घातला. वजन म्हणाल तर पाच किलो उतरलं होतं, पट्टा दोन भोकं मागे आला होता. साइटवर कुणी तिला सडपातळ म्हटलं नसतं. पण मुकादमाने पंखांची चौकशी केली, तेव्हा ती म्हणाली, "वाळले. आता तुमचं पोट वाळत घाला, दोरी मी देते." मुकादम इतका खूश झाला की दिवसभर ज्याला त्याला तेच सांगत सुटला.

त्याच आठवड्यात तिने सेफ्टीसाहेबांना गाठलं. "साहेब, आम्ही चढतो कसे ते तुम्ही बघता. पण वर दिवस कसा काढतो, ते कधी विचारलंत? आम्ही वर पाणी पीत नाही. वरच्या मजल्यावर एक संडास ठेवा, तिथून क्रेनच्या शिडीपर्यंत आणीबाणीचा जोडपूल आहेच."

साहेबांचे कान लाल झाले. मग त्यांनी ते हसण्यावारी नेलं. "पास व्हा, मग तुम्हीच उचलून न्या वर."

घारीने ते मनात पक्कं ठेवलं.

चाचणीच्या चार दिवस आधी एक भलतंच झालं. इमारत वाढली होती, म्हणून क्रेनही वाढवली. जुन्या खांबात नवे तुकडे चढले, नव्या रंगाने पिवळेधमक, आणि केबिन कुठल्या कुठे वर गेली. शिडीही तेवढीच लांबली. घारीने खालून एकेक करून सगळे टप्पे मोजले. त्या रात्री ती बाबांना म्हणाली, "मला भीती वाटतेय." बाबा म्हणाले, "मलाही." मग त्यांनी तिच्या हातात पाण्याचा पेला दिला.

चाचणीच्या सकाळी साहेबांनी तिला बाजूला घेतलं. "बाई, तुम्ही अडकलात तेव्हा क्रेन जुन्या उंचीची होती. जुन्या उंचीपर्यंत चढा, मी पास लिहितो. उगाच जिवाला त्रास नको."

"आणि त्याच्या पुढचं कोण चढणार, साहेब? केबिन तर वर गेलीय."

तिने पट्टा आवळला आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. पहिला टप्पा झाला, दुसरा झाला. मांड्या तापल्या, पण गोळे आले नाहीत. चौथ्या टप्प्यावर ती जाळी दिसली, जिच्यावर तिने सगळ्या जगादेखत बसकण मारली होती. तिथे ती उभ्या उभ्या थांबली. छाती भात्यासारखी चालली होती. खाली मुंग्यांएवढी माणसं, सगळी वर बघणारी. तिने मनातल्या मनात बादल्या उचलल्या आणि पुढची पायरी धरली. नवा पिवळा रंग सुरू झाला तिथे तिच्या पोटऱ्या भाजत होत्या आणि घाम डोळ्यांत उतरत होता, तरी तिला आतून हसू फुटत होतं. श्वास जात होता आणि परत येत होता. तो परत येतोय, याचंच तिला अप्रूप वाटत होतं.

केबिनच्या दारात पोचून तिने मागे वळून बघितलं. सेफ्टीसाहेब शेवटच्या टप्प्यावर आले, शर्ट ओलाचिंब, धापा टाकत, आणि त्यांनी जाळीवर सरळ फतकल मारली.

"साहेब, बसायचं नाही," घार म्हणाली. "नियम आहे."

साहेबांनी दोन्ही हात जोडले. मग खिशातून पेन काढून तिथेच, बसल्या जागी, 'पास' असं लिहिलं.

घारीने चष्मेवाल्याने पुढे ओढलेली खुर्ची मागे केली, दांडे हातांत घेतले आणि वॉकीटॉकी उचलला. "खाली इशाऱ्याला कोण आहे?"

"मुकादम. वर कोण आहे?"

"घार."

खालून जो गलका उठला तो वॉकीटॉकीशिवाय तिच्यापर्यंत आला. तिने काचेतून बघितलं. कुंपणाबाहेर बाबा उभे होते आणि टोपी काढून हवेत फिरवत होते. फाटकाजवळ एक निळा फिरता संडास चारी बाजूंनी पट्टे बांधून तयार ठेवला होता.

"शब्द दिला होता ना," जाळीवरून साहेब म्हणाले. "कालच मागवून ठेवला. वरच्या मजल्यावर न्या एकदाचा."

"म्हणजे मी पास होणार, हे तुम्हाला कालच ठाऊक होतं?"

"वाटत होतं."

घारीने हूक खाली सोडला. निळा डबा जमिनीवरून उठला, हेलकावा न खाता माणसांच्या माना मागे मागे नेत वर वर आला, आणि वरच्या मजल्याच्या कोपऱ्यात टेकला. मुकादमाचा तिथला माणूस बराच वेळ हात वर करून तसाच उभा राहिला. डबा टेकलाय, हे त्याला हात लावल्यावर कळलं.

मग घारीने पट्ट्याला अडकवून आणलेली पाण्याची बाटली उघडली, आणि सगळ्या साइटच्या देखत ती घटाघटा, पोटभर पाणी प्यायली.