पाठीवरचा तांदूळ

मित्रांनो, माझ्याकडे पाहिलंत तर आधी गंज दिसेल, मग माझ्या टपावर वाळलेली पानं दिसतील, आणि मग तुम्ही दुसरीकडे बघाल. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी एक जुना पिकअप ट्रक आहे. टेक्सासमधल्या अर्विंग गावात, गिरीश आणि उत्तरा या नवरा-बायकोच्या घराच्या कडेला, गॅरेज आणि कुंपण यांच्यामधल्या पट्ट्यात मी उभा असतो. शेजारी गवत कापायचं यंत्र असतं. ते फारसं बोलत नाही.

कारखान्यात माझा जन्म झाला तेव्हा माझ्या पुढेमागे देखणी भावंडं होती. त्यांच्या अंगावर चकचकीत पट्टे, आत मखमली सीट. मला मात्र जाड हाडाचं घडवलं. मागच्या चाकांवर भार पेलणारे कमानपाटे जास्त, रेडिएटर मोठा, ब्रेक दणकट, आणि आत दोन बाकांची ऐसपैस केबिन. रंग मातकट. ओझं ओढण्यासाठी जन्माला आलेल्याला रूप कशाला, असं कारागिरांना वाटलं असावं.

माझा पहिला मालक गुरं पाळणारा म्हातारा होता. त्याच्यासाठी मी गवताचे भारे वाहिले, काटेरी तारा वाहिल्या, आजारी वासरं वाहिली. शरद ऋतूत तो शिकारीला जाई, तेव्हा येताना माझ्या पाठीवर, मागच्या उघड्या हौद्यात, मारलेलं हरीण असे. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे ती मला फार नडली. म्हातारा थकला, त्यानं गुरं विकली आणि मलाही विकलं. मी जुन्या गाड्यांच्या बाजारात येऊन उभा राहिलो.

आता शरयूवहिनींबद्दल सांगायला हवं. त्या गिरीशच्या वहिनी, कराडच्या. गिरीशची आई लवकर गेली, तेव्हा या नव्या नवरीनं त्याला वाढवलं. तो अर्ध्या चड्डीत होता तेव्हापासून त्या त्याला ‘भाऊजी’ म्हणत, ‘अहोजाहो’ करत, आणि त्याच अहोजाहोत खरपूस रागवत. त्यांचे यजमान शाळेत भूगोल शिकवायचे. कोलोरॅडो नदीनं कोरलेली ती प्रचंड दरी, ग्रँड कॅन्यन, ते दरवर्षी मुलांना फळ्यावर रंगीत खडूंनी काढून दाखवायचे. ते गेल्यानंतर वहिनी पहिल्यांदाच अमेरिकेत दिराकडे आल्या होत्या. त्यांनी एकच गोष्ट मागितली होती. “यांची ती दरी मला एकदा बघायची आहे.”

अडचण जेवणाची होती. ज्या स्वयंपाकघरात मांसमच्छी शिजते तिथलं वहिनी पाणीदेखील पीत नसत. दरीपर्यंतचा रस्ता दोन-तीन दिवसांचा. वाटेत हॉटेलं होती, पण त्यांच्या उपयोगाची एकही नाही. म्हणून गिरीशनं एक वापरलेला ट्रॅव्हल ट्रेलर घेतला. चाकांवरचं छोटं घरच ते. आत बिछाने, मोरी, आणि अगदी मागच्या टोकाला गॅसची शेगडी. आधीच्या मालकांनी ती कधी वापरलीच नव्हती. वहिनींनी ती तरीही तीनदा घासली.

आता हे घर ओढायला गाडी हवी होती. गिरीश पूल बांधणारा इंजिनियर. त्यानं ट्रेलरच्या माहितीपत्रकातलं वजन पाहिलं आणि बाजारात येऊन सरळ माझ्या शेजारच्या निळ्या ट्रकापाशी उभा राहिला. निळ्याला मखमली सीट होती. विक्रेता म्हणाला, सहज ओढेल.

“अरे, हे रिकाम्या ट्रेलरचं वजन आहे,” उत्तरा म्हणाली. “आपण कधी रिकामे गेलोय का कुठे?”

गिरीश हसला, पण निळ्याच्या सीटवरचा हात त्यानं काढून घेतला.

पुढचं मला नंतर केबिनमधल्या गप्पांतून कळलं. भारतात जायच्या आदल्या दिवशी ही मंडळी बॅगांचं जसं वजन करतात, तसंच त्यांनी केलं. बाथरूममधला काटा दारात आणून ठेवला. सामान हातात घेऊन काट्यावर उभं राहायचं, मग आपलं स्वतःचं वजन वजा करायचं. पीठ, डाळी, कुकर, पांघरुणं, पाण्याचे कॅन.

“आपापलं वजन मनात धरा,” उत्तरानं बजावलं. “मोठ्यानं सांगू नका.”

“मॉम, यू आर चीटिंग,” त्यांची मुलगी दीपा म्हणाली. “तुझं दरवेळी कमी होतंय.”

सगळी बेरीज झाल्यावर गिरीश परत आला, तो निळ्यापाशी थांबलाच नाही. माझ्याखाली आडवा झाला, कमानपाटे पाहिले, ब्रेक पाहिले. उठून अंग झाडत म्हणाला, “हा दिसायला बैल आहे. पण आपल्याला बैलच हवाय.” मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हाडांसाठी मला कुणी पसंत केलं होतं. हॉर्न वाजवता आला असता तर मी वाजवला असता.

इथवर सगळं शहाणपणानं झालं. वजन झालं, ट्रक निवडला. मग बातमी फुटली.

त्या काळी वाटेवरच्या गावांत तूरडाळ किंवा चांगला तांदूळ मिळणं मुश्कील होतं. कुणी मराठी माणूस गाडी काढून निघाला, की बाकीच्यांना आपापले भाचे, मित्र, मावसभाऊ आठवत. मोहन आला तो दोन पोती बासमती घेऊनच. “अल्बुकर्कीला आमचा कुमार आहे ना, त्याला एवढं टाक यार. वाटेवरच आहे.” वीणानं लोणच्याच्या बरण्या दिल्या. कुणी कणकेचं पोतं दिलं. शेवटी मोहन पुन्हा आला आणि कुमारसाठी बाजाची पेटी ठेवून गेला. गिरीश प्रत्येकाला “हो, हो, देतो ना” म्हणत राहिला. पुलावर किती भार चालेल हे सांगणाऱ्या माणसाला मित्राला नाही म्हणता येईना. काटा तर केव्हाच आत गेला होता.

आणि हे सगळं ठेवायचं कुठे? माझी पाठ मोकळी होती. गिरीशनं पहिलं पोतं उचलून माझ्यावर ठेवलं, तेवढ्यात वहिनी बाहेर आल्या.

“भाऊजी, या गाडीतून तो आधीचा माणूस काय काय न्यायचा म्हणालात?”

गिरीशनं सांगायला नको होतं, पण बाजारातून येताना तो हौसेनं सांगून बसला होता. विक्रेत्याकडून ऐकलेली हरणाची गोष्ट.

“मग अन्न नाही हो तिथे ठेवायचं,” वहिनी शांतपणे म्हणाल्या. रागावल्या असत्या तर कुणी वाद तरी घातला असता.

पोतं उतरलं. तांदूळ, कणीक, बरण्या, पेटी, सगळं ट्रेलरच्या मागच्या टोकाला, शेगडीच्या आजूबाजूला रचलं गेलं. उत्तरा म्हणाली, “सगळं एकाच बाजूला नको रे.” गिरीश पुटपुटला, “राहू दे. वहिनींना नाही आवडणार.” माझी पाठ रिकामीच राहिली. किती धुतलं तरी जे जात नाही, असं काहीतरी माझ्या अंगाला आहे, हे मला त्या दिवशी समजलं.

आम्ही निघालो. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी अमरिलो मागे पडलं आणि सपाट माळावर वारा सुटला. मला सारखं वाटत होतं, माझी मागची चाकं जमिनीला नीट टेकत नाहीत. ट्रेलरचा जोडाचा दांडा माझ्यावर दाबून बसायला हवा, तर तो मला शेपटीला धरून वर उचलत होता. पण ट्रकाला सांगता कुठे येतं?

एका उतारावर शेजारून एक भलामोठा मालट्रक गेला. त्याच्या वाऱ्याच्या झोतासरशी ट्रेलर डावीकडे झुकला, मग उजवीकडे, मग आणखी जोरानं डावीकडे. माझी मागची बाजू त्याच्याबरोबर फरफटत होती. गिरीशनं घाबरून माझा ब्रेक दाबला, त्यानं हेलकावा वाढलाच. दीपानं वहिनींचा हात धरला. वहिनी डोळे मिटून काहीतरी म्हणत होत्या. मग गिरीशला डॅशबोर्डखालची छोटी दांडी आठवली, फक्त ट्रेलरचे ब्रेक लावणारी. त्यानं माझ्या ब्रेकवरचा पाय काढला आणि ती दांडी दाबली. हेलकावे हळूहळू निवले. आम्ही रस्त्याच्या कडेला खडीवर थांबलो.

गिरीशनं इंजिन बंद केलं.

“ट्रिप कॅन्सल,” गिरीश म्हणाला. “हळूहळू अमरिलोला परत जाऊ. ट्रकच कमी पडला. आणखी मोठा घ्यायला हवा होता.”

मित्रांनो, माझ्यात अजून कितीतरी ताकद शिल्लक होती. पण ते त्याला कळणार कसं? आणि वहिनींचं परतीचं विमान पुढच्या आठवड्यात होतं. पुन्हा एवढा प्रवास त्यांच्या गुडघ्यांना झेपणार नव्हता. आता नाही तर कधीच नाही, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या फक्त म्हणाल्या, “चालेल हो. तुम्ही सगळे धड आहात ना.”

गिरीश खाली उतरला आणि उगीच टायरना लाथा मारत फिरू लागला. ट्रेलरच्या मागून फिरून तो माझ्या बाजूला आला आणि थबकला. खाली बसला. माझी मागची बाजू वर उचललेली होती, जणू माझ्यावर काही भारच नाही. त्यानं जोडाच्या दांड्यावर हात ठेवला, मग कपाळावर.

“उत्तरा, ट्रक कमी नाही पडला. मागचं वजन जास्त झालंय. सी-सॉ झालाय सगळा. हे सामान पुढे आलं पाहिजे. पोती तर ट्रकमध्येच.”

“मग आणू या की.”

“वहिनींना काय सांगू?”

“तू पूल बांधतोस ना?” उत्तरा म्हणाली. “पुलाला विचारतोस, राग येईल का म्हणून?”

“हळू बोल.”

“नाही बोलत हळू,” असं म्हणून उत्तरा केबिनच्या दाराशी गेली आणि तिनं सरळ सांगितलं. तांदूळ या ट्रकात ठेवला तर दरीपर्यंत जाता येईल, नाही तर इथूनच परत.

वहिनींनी ऐकून घेतलं. दार धरून सावकाश खाली उतरल्या.

“भाऊजी, इकडे या. हे तुम्हाला घरीच ठाऊक होतं?”

“पूर्ण नाही. थोडं. तुम्हाला आवडणार नाही म्हणून—”

“म्हणजे माझी भीड धरून पोरीला घेऊन असे निघालात? माझं सोवळं माझ्यापुरतं. ते लेकराच्या जिवावर ठेवायला मी सांगितलं होतं का कधी?”

गिरीश अर्ध्या चड्डीतला झाला.

“आणि तो मोहन. त्यालाही नाही म्हणवलं नाही. लहानपणी मला तर दिवसभर नाही म्हणायचात.” त्यांनी पदर खोचला. “बादली द्या इकडे.”

त्यांनी माझी पाठ धुतली, मित्रांनो. ट्रेलरच्या टाकीतलं पिण्याचं पाणी ओतून, कोपरे घासून. दीपाही चढली. “मोठी आई, धिस इज डियर ब्लड?” तिनं एका डागाकडे बोट दाखवलं.

“गंज आहे गं तो,” वहिनी म्हणाल्या. मला माहीत होतं, तो गंज नव्हता. बहुधा त्यांनाही माहीत होतं.

पाठ वाळल्यावर त्यांनी पर्समधून देवाच्या कुंकवाची डबी काढली आणि माझ्या मागच्या फळीला, आतल्या बाजूनं, एक बोट लावलं. “आता हा आपला,” म्हणाल्या. मग स्वतः उभं राहून तांदळाची पोती माझ्यावर ठेवून घेतली. पुढच्या चाकांकडे, नीट, घट्ट. पेटी आणि बरण्या ट्रेलरच्या पुढच्या भागात गेल्या. जोडाचा दांडा माझ्यावर नीट टेकला आणि माझे कमानपाटे जरासे दबले. ओझं योग्य जागी आलं की ते ओझं वाटत नाही, उलट पाय जमिनीवर आल्यासारखं वाटतं. पुढचे सगळे चढ मी खालमानेनं, शांतपणे चढलो. अल्बुकर्कीला कुमारनं पेटी उतरवून घेतली आणि पोती पाहून त्याचे डोळे भरून आले. तांदळाला एवढं रडणारा माणूस मी पाहिला नव्हता.

दरीच्या काठावरच्या वाहनतळावरून मला वहिनींची पाठ दिसत होती. कठड्याला धरून त्या उभ्या होत्या. आजूबाजूचे लोक फोटो काढून गेले, दुसरे आले, तेही गेले. गिरीश त्यांच्यापासून चार हात लांब थांबला होता. अखेर त्या वळून आल्या आणि माझ्या तापलेल्या बॉनेटला टेकल्या.

“कशी वाटली?” गिरीशनं भीत भीत विचारलं.

“यांनी काढली होती ती अगदी बरोबर होती,” वहिनी म्हणाल्या. “फळा तेवढा लहान होता.”

त्यांचा हात बराच वेळ माझ्यावर होता.

वहिनी कराडला परतल्या. आम्ही पुढे आणखी पुष्कळ हिंडलो, आणि गिरीश दरवेळी दांड्यापाशी खाली वाकून पाही. मग दीपा मोठी झाली, तिला तंबूत झोपायची लाज वाटू लागली आणि चाकांवरच्या घरात तर त्याहून जास्त. ट्रेलर विकला गेला. कामावर जायला घरात छोटी जपानी गाडी आली. मला विकायचं आज उद्या करत इथे लावून ठेवलं, आणि टायरमधली हवा हळूहळू सोडून गेली.

परवा रविवारी वहिनींचा फोन आला होता. खिडकी उघडी असली की मला ऐकू येतं. सगळ्यांची विचारपूस झाली. मग गिरीश एकदम थांबला. “कोण, ट्रक? आहे ना. छान आहे, वहिनी.” त्यानं फोन ठेवला आणि तो कडेचं दार उघडून बाहेर आला. खूप वेळ माझ्यासमोर उभा राहिला. मग पंप आणला. टपावरची पानं काढली. मागची फळी खाली पाडली, तेव्हा आतल्या बाजूचा तो लाल ठिपका त्याला दिसला. फिकट झालाय, पण आहे.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागणं आहे. कुणाच्या पाठीवर ओझं ठेवण्याआधी ते कुठे ठेवतोय ते वाकून बघा. झेपत नसेल तर वेळेवर नाही म्हणा, भीड धरू नका. आणि ज्यानं तुम्हाला कधी चढावर नेलं असेल, तो कुठल्या कडेला उभा आहे याची अधूनमधून चौकशी करा. दूर कराडहून एका बाईंनी नुसतं विचारलं, तर इथे माझ्या चारही चाकांत हवा भरली.