मौनाच्या सोमवारी परदेशी डॉक्टर

सोमवारी दिवेलागणीपर्यंत पद्मजाताईंचं मौन असे. समई लागेपर्यंत ओठ मिटलेले, लिहून दाखवायचीही सवलत नाही. खांदा कॉलनीतल्या त्यांच्या इमारतीत हे दूधवाल्यालासुद्धा ठाऊक होतं. त्यांच्या लेकीला, आभाला, मात्र नेमका त्याचाच विसर पडला.

"आई, दोघांनी व्हिडिओ कॉलला आजचीच वेळ दिलीय!" आभा फोन नाचवत आली. "आधी स्पेनचे डॉक्टर, मग जर्मनीच्या बाई... अगं बाई, आज सोमवार!"

पद्मजाताईंनी ओठांवर बोट ठेवलं. डोळे मात्र हसत होते.

कमरेतल्या दोन मणक्यांमधली चकती पार झिजली होती. पनवेलच्या डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या होत्या. मणके स्क्रूने जोडून टाकायचे, नाहीतर मध्ये कृत्रिम चकती बसवायची, म्हणजे कंबर हलती राहील. "पण त्यात ज्याचा हात बसलाय त्याच्याकडेच जा, मग परदेशात जावं लागलं तरी जा," हेही त्यांनीच बजावलं होतं. पद्मजाताईंना हलती कंबरच हवी होती. देवापुढे जमिनीला डोकं टेकवून किती काळ लोटला होता! खुर्चीत बसून हात जोडायचे आणि मनात म्हणायचं, देवा, हा वरवरचा नमस्कार गोड मानून घे.

"मी गणपतीपुढे दोघांच्या नावांच्या दोन चिठ्ठ्या ठेवल्यात," कमलाकरराव म्हणाले. "संध्याकाळी हिने एक उचलायची. काय तो निकाल! आणि मौन आहे ते बरंच, डॉक्टरांना बोलायला मिळेल."

पद्मजाताईंनी नवऱ्याकडे असं काही पाहिलं, की ते चष्मा पुसायला लागले.

स्पेनचे डॉक्टर मोठे गोड होते. त्यांनी प्लॅस्टिकचा मणका हातात धरून सगळं समजावलं. रिपोर्ट पाहिलेत, ऑपरेशन नक्की होईल, काळजी नको. आईंना काही विचारायचंय का? आभाने मौनाचं सांगितलं. "हरकत नाही," म्हणाले, आणि पुढचं सगळं आभाशीच बोलले.

"ठरलंच की!" कमलाकररावांनी टाळी वाजवली.

मग पडद्यावर जर्मनीच्या डॉक्टर लेनार्ट आल्या. पांढरे आखूड केस, हातात कॉफीचा कप. मौनाचं ऐकून त्यांनी कप खाली ठेवला.

"छान. मग त्या दाखवतील आणि मी बघेन," त्या म्हणाल्या. आभा एकेक वाक्य मराठीत सांगत होती. "विचारा त्यांना, काय करायचंय जे आता जमत नाही?"

पद्मजाताई उठल्या. देव्हाऱ्यासमोर गेल्या, हात जोडले आणि वाकल्या. अर्ध्यावर कळ आली. कपाटाचा आधार घेत त्या सावकाश सरळ झाल्या. आभा लॅपटॉप उचलून मागे धावत होती.

"पुन्हा एकदा. कळ वाकताना येते की उठताना?"

पद्मजाताईंनी बोटाने दाखवलं, खाली जाताना. मग बाईंनी त्यांना मागे झुकवलं, टाचांवर चालवलं, कळ आली की हात कुठे जातो ते पाहिलं. कमलाकरराव पोथीचा चौरंग बाजूला सरकवत राहिले. आजवर ही कंबर इतकी कुणी निरखली नव्हती!

"मी आज होकार देत नाही," शेवटी बाई म्हणाल्या. "मणक्यांच्या मागे छोटे सांधे असतात. त्यांचा नवा स्कॅन पाठवा. ते चांगले असतील तरच चकती बसवेन. नसतील तर स्पष्ट नाही म्हणेन. आणि बसवली तरी लगेच असं वाकायचं नाही. देवाला थोडं थांबायला सांगा."

कॉल संपला. "झालं! ही तर नाहीच म्हणाली," कमलाकरराव हिरमुसले. "चिठ्ठीच बरी."

दिवेलागण झाली. पद्मजाताईंनी समई लावली, गणपतीपुढच्या दोन्ही चिठ्ठ्या उचलल्या आणि न उघडताच नवऱ्याच्या खिशात टाकल्या.

"देवाला कशाला कामाला लावता?" दिवसभरातला पहिला शब्द असा हळू आला. "त्या बाईंनी मला विचारलं, मी सांगितलं. मला त्याच हव्यात."

"आणि नाही म्हणाल्या तर?"

"तर नाही. निदान माझा नमस्कार बघून म्हणतील." मग त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा फुलला. "आभा, उद्या सकाळीच स्कॅनला जाऊ. आणि माझा पासपोर्ट कुठाय गं? विमानात भगर नेऊ देतात का? मधे सोमवार आला तर तिथे उपासाला काय खाऊ मी?"

"आई, जरा दम खा!"

"दिवसभर दमच खाल्लाय," म्हणत त्या कपाटाकडे निघाल्यासुद्धा.