पहिल्या रेघेखालचं पाणी

तिने एंटर दाबलं आणि खुर्ची मागे ढकलून उभीच राहिली. पडद्यावरचा फाईलच्या आकाराचा आकडा खाली येत होता. नुसता येत नव्हता, धावत होता.

"लंबू, बघ! अरे, बघ तरी!"

शेजारच्या टेबलावरचा लंबू चहाचा कप घेऊनच आला. वाकून बघताना त्याने अर्धा चहा स्वतःच्या शर्टावर सांडला आणि त्याला ते कळलंही नाही.

"निम्मं झालं की! झाडा, काय केलंस काय तू?"

ऑफिसात तिला सगळे झाडच म्हणत. तिच्या टेबलाच्या काचेखाली एक फोटो होता. शाळेच्या नाटकात झाड झालेली लहानगी ती, अंगभर पुठ्ठ्याची पानं, चेहरा रडवेला आणि कोपऱ्यात केशरी आकड्यांत तारीख. फोटो आईने काढला होता. बाबा त्या दिवशी नदीवर होते. ते कायमच नदीवर असत, कारण पाण्याची पातळी नोंदवणं हीच त्यांची नोकरी होती, आणि 'आधी नदी, मग आपण' हे आईचं ठरलेलं वाक्य होतं. फोटोची गोष्ट ती हसत हसत सांगे. सांगताना दर वेळी थोडं लागत असे, पण ते काही चारचौघांत बोलण्यासारखं नव्हतं.

काम होतं पुलांवर बसवायच्या पेट्यांचं. पुरात नेटवर्क गेलं, तरी पाणी धोक्याचं आहे की नाही हे पेटीने आपलं आपण ठरवायचं, आणि त्यासाठी नदीच्या जुन्या नोंदी पेटीतच असायला हव्या होत्या. त्या नोंदी बाहेरच्या तीन खात्यांच्या डेटाबेसमधून आणल्या. आणल्यावर कळलं, की पेटीएवढ्या जागेत ते लटांबर मावणं शक्य नाही. एकाच ठिकाणाला तीन खात्यांनी तीन नावं दिलेली, तोच तो शेरा हजारो ओळींत जसाच्या तसा. दुबार नोंदी काढून, लांबलचक शेऱ्यांच्या जागी छोटे क्रमांक टाकून ती आणि लंबू इथवर पोचले होते. चार वाजता पेट्या घेऊन गाडी निघणार होती. तोवर मावलं नाही, तर पाणी मोजायच्या लहान ठाण्यांच्या नोंदी गाळायच्या, असं मॅडमनी सांगून ठेवलं होतं. बाबांचं ठाणं लहानच होतं. हे तिने फक्त लंबूला सांगितलं होतं, म्हणजे ते सगळ्या मजल्याला माहीत होतं.

तिने फोन स्पीकरवर टाकला.

"बाबा, मावलं! तुमचे सगळे आकडे पेटीत बसले!"

"सगळे?" बाबांनी टीव्ही बंद केल्याचं ऐकू आलं. "काय सांगतेस! एवढ्या वर्षांचे?"

"म्हणजे पाणी चढलं ते सगळे दिवस. बाकीचे रिकामेच होते, ते उडवले. त्यानेच तर एवढी जागा वाचली!"

"रिकामे नव्हते," बाबा म्हणाले. "शून्य होते."

"तेच हो, बाबा. शून्य काय नि रिकामं काय."

"तेच कसं होईल? पाणी खांबावरच्या पहिल्या रेघेच्या खाली असलं की शून्य. ते बघायलासुद्धा पायऱ्या उतरून जावं लागतं. रिकामं म्हणजे त्या दिवशी कुणी उतरलंच नाही."

लंबूने कप खाली ठेवला.

"अरे बापरे," तो म्हणाला. "ऐन पुरात कुणाला खांबापर्यंत जाताच आलं नसेल, तर ती नोंद रिकामी. आणि आपली पेटी समजणार, नदी गप्प होती."

फोन कधी बंद केला हेही तिला आठवलं नाही. उडवलेलं सगळं तिने परत आणलं आणि आकडा निर्लज्जासारखा वर चढून बसला. मॅडम दारातून डोकावल्या.

"झालं का?"

"होतंय!" दोघं एकदम म्हणाले. त्या सुरावर शेंबडं पोरही विश्वास ठेवणार नाही, पण मॅडम घड्याळाकडे बघून निघून गेल्या.

तिने बाबांचं ठाणं उघडलं. शून्य, शून्य, शून्य. बोटाने पडदा सरकवत राहिली तरी शून्यंच. ह्यातल्या प्रत्येकासाठी हा माणूस त्या पायऱ्या उतरला आणि चढला होता, आणि आपण ते एका फटक्यात पुसून आनंदाने नाचत होतो. तिला स्वतःची लाज वाटली. संध्याकाळी बाबा घरी आले की आई विचारायची, काय म्हणते तुमची नदी? बाबा चपला काढता काढता म्हणायचे, "कालच्यासारखीच."

"कालच्यासारखीच!" ती ओरडली.

लंबू दचकला. "काय झालं?"

"रोज शून्य कशाला लिहायचं? ह्या तारखेपासून त्या तारखेपर्यंत शून्य, एकच ओळ! अख्खा उन्हाळा एका ओळीत! आणि रिकाम्या दिवसाची ओळ वेगळी!"

"मग हे आधी का नाही सुचलं?"

"तुला सुचलं होतं? सरक तिकडे."

तिची बोटं नुसती पळत होती. लंबू मागे उभा राहून चुका काढत होता, त्यातल्या दोन खऱ्याही निघाल्या. मग एंटर. आकडा घसरला, रेंगाळला, पुन्हा घसरला आणि मर्यादेच्या जेमतेम खाली येऊन थांबला. लंबूने अशी आरोळी ठोकली की मॅडम पळत आल्या आणि पडदा बघून चक्क टाळ्या पिटू लागल्या. एकही ठाणं गळलं नव्हतं, एकही शून्य हरवलं नव्हतं. तिला हसू आवरेना.

फाईल पाठवण्याआधी तिने बाबांचं ठाणं एकदा तपासलं. दर वर्षीचा उन्हाळा एका ओळीत, जसा हवा तसा. एका वर्षी मात्र तीन ओळी होत्या. शून्यांची एक, मग एक दिवस रिकामा, मग पुन्हा शून्यं. आपलंच काहीतरी चुकलं, असं वाटून तिने खात्याकडून आलेली मूळ नोंद काढली. तीही रिकामी होती. तिने तारीख वाचली आणि हळूच काचेवरचा कप बाजूला केला. केशरी आकडे तेच होते.

ती फोन घेऊन खिडकीशी गेली.

"बसलं का गं?" बाबांनी पहिल्याच रिंगला विचारलं.

"बसलं. शून्यांसकट." बाबा खुशीत मोठ्याने हसले. ते थांबेपर्यंत ती थांबली. "बाबा, एक दिवस रिकामा आहे. एवढ्या नोकरीत एकच."

बाबांनी तारीख विचारली नाही.

"मागे उभा होतो," ते म्हणाले. "दारापाशी. रजा दिली नव्हती, म्हणून कुणाला बोललो नाही. नंतर राहूनच गेलं. तू मध्येच हललीस. झाडाने असं हलायचं नसतं."

"वारा होता," ती कशीबशी म्हणाली. मग डोळे पुसून तिने विचारलं, "शून्य लिहिलं असतं तर कुणाला कळलं असतं, बाबा?"

"पायऱ्या उतरलोच नव्हतो ना."

खाली गाडीचा हॉर्न वाजला. लंबू तिच्या खुर्चीत बसून पडद्यात डोकं खुपसून होता.

"झाडा, इथे एकच दिवस रिकामा आहे. शून्य धरू का? दोन ओळी वाचतील."

"हात लावून तर बघ," ती म्हणाली.