डावीकडून सातवा मंगळवासी

हॉलिवूडच्या मागच्या अंगाला एका पत्र्याच्या शेडमध्ये १९५४ साली क्रेब्ज नावाचा दिग्दर्शक सहा-सहा दिवसांत अवकाशपट उरकत असे. रॉकेटात बसणारे सगळे गोरे. मंगळावर भाले नाचवत मरणारे सगळे काळे, तेही तोंडाला हिरवा रंग थापून. भालेसुद्धा जुन्या जंगलपटातले. रंग थापायचं काम हेझल गॉर्स्कीचं. अकरा चित्रपट तिने हे निमूटपणे केलं होतं. आपण काही वाईट करतो असं तिच्या मनातही आलं नव्हतं. तुमच्या-माझ्या तरी कुठे येतं?

बाराव्या चित्रपटाच्या शेवटच्या दिवशी मंगळवाशांतला एक, ल्युशियस पेटिफर्ड, रंगवून घ्यायला तिच्यासमोर खुर्चीत बसला. युद्धात लष्कराचा रेडिओ सांभाळलेला माणूस. रॉकेटातल्या रेडिओवाल्याची भूमिका त्याने मागितली, तेव्हा क्रेब्ज सर्वांदेखत खिदळला होता.

"हेझलबाई, एक मागू?" तो म्हणाला. "मागच्या चित्रपटाला मुलीला नेलं. डावीकडून सातवा तो मी, असं दाखवलं. म्हणाली, बाबा, थापा मारू नका. शाळेतही पोरी तिला हसल्या. या वेळी माझ्या तोंडाला रंग लावू नका."

"मला काय विचारतोस? मंगळवासी हिरवेच असतात."

"चित्रपट काळा-पांढरा आहे, बाई. हिरवा रंग दिसणार कुणाला?"

हेझलचा हात थांबला. खरंच की! ती तडक क्रेब्जपुढे जाऊन उभी राहिली.

"रंग दिसतच नाही, तर लावायचा कशाला?"

"डोकं फिरलंय का तुझं? बिनरंगाची तोंडं दिसली तर ती माणसं वाटतील. मग आपल्या हिरोने त्यांना गोळ्या घातल्या की टाळ्या कोण वाजवणार? जा, मुकाट्याने थाप!"

इतकी वर्षं आपण काय झाकत होतो, ते तिला आत्ता कळलं. तिला स्वतःची किळस आली. परत येऊन तिने ओल्या फडक्याने ल्युशियसचा अर्धा रंगलेला चेहरा स्वच्छ पुसला.

चित्रीकरण सुरू झालं आणि खोटी गोळी लागून तो कॅमेऱ्यासमोरच कोसळला, उघड्या चेहऱ्याने. क्रेब्जने थयथयाट केला. पण कॅमेऱ्यात घालायची फिल्म संपली होती आणि सहा वाजता शेड दुसऱ्या कंपनीला द्यायचं होतं. दृश्य तसंच राहिलं. हेझलची नोकरी मात्र राहिली नाही.

"चालती हो! आणि पुन्हा कुठे ब्रश धरलेला दिसलीस तर बघ."

"त्या रंगाचा तर नाहीच धरणार," ती म्हणाली.

दोन महिन्यांनी काळ्यांच्या वस्तीत, सेंट्रल अव्हेन्यूच्या थिएटरात ल्युशियसची आठ वर्षांची मुलगी अर्नेस्टीन खुर्चीवर उभी राहून ओरडली, "ते माझे बाबा!" सगळं थिएटर हसलं. हेझल मागच्या रांगेत बसली होती, तीही हसली. इतक्यात पडद्यावर गोळी सुटली.

पोर शेजारच्या बापाकडे वळली. "बाबा, तुम्हाला का मारलं? तुम्ही काय केलं होतं?"

ल्युशियसने तिला मांडीवर ओढून घेतलं. त्या गोळीला थिएटरात एकही टाळी पडली नाही.

वाचकहो, माणसाचा चेहरा झाकला की त्याला मारणं हा खेळ होतो आणि आपण तिकीट काढून तो बघतो. क्रेब्ज गोळ्या झाडायला लावत होता हे खरं, पण रंग थापणारे हात आपल्यासारख्या साध्या माणसांचे होते. ते हात थांबले, तरच असले खेळ थांबतील.